वर्गणीविना दूरदर्शन : घरासाठी साधने कशी निवडाल?



आज आपल्याला बोलायचे आहे ते घरातल्या टीव्हीबद्दल. टीव्हीवर काय पाहावे आणि काय पाहू नये, असला उपदेश मी करणार नाही. दरमहा वर्गणी न भरता टीव्ही पाहता येतो का, येत असेल तर त्यासाठी कोणती साधने घ्यावीत, ती कशी बसवावीत आणि घेताना फसगत कशी टाळावी, एवढाच आजचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण तो तसा नाही. नोकरदाराच्या घरी पैसा महिन्याच्या महिन्याला येतो. आपल्या जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी तसे नसते. कापूस विकला, सोयाबीन मोंढ्यावर गेले, मोसंबीचा बहार उतरला, म्हणजे पैसा येतो. मधले महिने कसेबसे काढायचे असतात. दरमहा वर्गणी मागणारी वस्तू अशा घरात जड जाते. पेरणीच्या तोंडावर हातातला पैसा बियाण्या-खतात गुंतलेला असतो, नेमका तेव्हाच रिचार्ज संपतो आणि पडदा बंद होतो. हवामानाची बातमी नेमकी त्याच दिवसांत हवी असते!

आपण साधा हिशेब करून पाहू. महिन्याला अडीचशे रुपये वर्गणी धरा. वर्षाचे झाले तीन हजार, पाच वर्षांचे पंधरा हजार. उलट वर्गणी नसलेल्या साधनाला एकदाच दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. सुगीच्या दिवसांत हा खर्च एकदा करून टाकला की पुढे रिचार्जची चिंता राहत नाही. मात्र एकदाच खर्च करायचा, म्हणजे तो नीट विचारून करायला हवा. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. इथेही तसेच केले पाहिजे.

आता पहिला प्रश्न असा की, चित्र घ्यायचे कुठून? जमिनीवरच्या मनोऱ्यावरून, की आकाशातल्या उपग्रहावरून?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे ठिकठिकाणी प्रक्षेपण केंद्रे झाली आणि घरांवर काड्यांचे अँटेना आले. एकाने माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असे ओरडायचे, हा प्रकार तुमच्यापैकी पुष्कळांनी केला असेल. ते जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण प्रसार भारतीने हळूहळू आवरते घेतले आणि मोजकी ठिकाणे वगळता ३१ मार्च २०२२ पर्यंत ते बंद झाले. तेव्हा अडगळीतला काड्यांचा अँटेना दुरुस्त करून जुना टीव्ही चालवू, असा विचार कोणी करत असेल तर त्यावर पैसा घालू नये.

त्याच्या जागी मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण करण्याची योजना आली. दूरदर्शनने २०१६ च्या फेब्रुवारीत देशातल्या सोळा शहरांसाठी ही सेवा जाहीर केली. त्या सोळांत महाराष्ट्रातली दोनच शहरे होती : एक मुंबई, दुसरे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. पण मनोऱ्याची लाट जवळजवळ सरळ रेषेत जाते. मधे डोंगर आला, टेकाड आले, की ती अडते, आणि अंतर वाढले की क्षीण होते. जालना शहरच तिथून साठ किलोमीटरांवर. परतूर, मंठा तर त्याहून पुढे. शिवाय हे प्रक्षेपण घ्यायला टीव्हीत ‘डीव्हीबी-टी-२’ नावाचा निराळा भाग लागतो. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या घरासाठी मनोऱ्याच्या भरवशावर साधने घेऊ नयेत. खेड्यातल्या घराने उपग्रहाकडेच पाहावे, हे बरे.

उपग्रहावरून खेड्यात चित्र आणण्याचा प्रयोग आपल्या देशात फार जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही नेण्यात आला होता. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण पूर्वी निजामाच्या राज्यात आपल्यासोबत असलेले गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. त्या वेळी गावातल्या सार्वजनिक जागी दहा फूट रुंदीची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री बसवत. आज दोन फुटांची तबकडी पुरते. आजच्या उपग्रहावरून येणारी लाट फार आखूड, सुमारे एक इंच लांबीची असते, आणि ती गोळा करायला लहान तबकडी चालते. पण या आखूडपणाचा एक तोटाही आहे. पावसाचे थेंब तिला अडवतात. म्हणून मुसळधार पावसात चित्र फुटते किंवा थोडा वेळ जाते. तो साधनांचा दोष नव्हे. पाऊस ओसरला की चित्र आपोआप परत येते.

वर्गणी नसलेली आपल्याकडची मुख्य सेवा म्हणजे प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’. २००४ सालच्या डिसेंबरात ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली; पुढे नाव बदलले. देशात ती वापरणाऱ्या घरांचा अंदाज चार-पाच कोटींच्या घरात केला जातो. अंदाज म्हणायचे कारण असे की, इथे वर्गणीदारांची नोंदवहीच नाही. तबकडी लावली, डबा जोडला, चित्र आले. ना अर्ज, ना दरमहा पावती.

इथे कुणी विचारील, ‘फुकट कसं काय? यात काही खोट तर नाही?’ प्रश्न रास्त आहे. जुन्या मंडळींना आठवत असेल, रेडिओ घरात ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे आणि त्याची फी भरावी लागे. १९८० च्या दशकात ती फी गेली. ‘फ्री डिश’ची व्यवस्था वेगळी आहे. खाजगी वाहिन्यांना या सेवेत जागा हवी असेल, तर प्रसार भारती त्या जागेचा लिलाव करते. वाहिनी पैसे भरते आणि जाहिरातींतून ते वसूल करते. म्हणजे पैसे कोणीतरी देतोच. तुम्ही रोख न देता जाहिराती पाहून देता. बाजारातल्या ओट्यासारखेच हे आहे. ओट्याचे भाडे व्यापारी भरतो, गिऱ्हाइकाला बाजारात शिरायला पैसे पडत नाहीत.

या लिलावामुळे एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. खाजगी वाहिन्या येतात आणि जातात. २०१९ च्या मार्चमध्ये काही मोठ्या हिंदी मनोरंजन वाहिन्या ‘फ्री डिश’वरून गेल्या. २०२० मध्ये त्यांपैकी काही परतल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा बाहेर पडल्या. म्हणून एखाद्या खाजगी वाहिनीवरची एकच मालिका डोळ्यांसमोर ठेवून ही साधने घेऊ नका. दूरदर्शनच्या वाहिन्यांचे तसे नाही, त्या प्रसार भारतीच्या स्वतःच्याच आहेत. आपली सह्याद्री वाहिनी, राष्ट्रीय वाहिनी, २०१५ साली सुरू झालेली डीडी किसान आणि बातम्या, इतके गृहीत धरून चाला आणि बाकीचे वरकड समजा. याशिवाय आकाशवाणीच्या कित्येक वाहिन्याही याच तबकडीवर ऐकू येतात.

क्रिकेटच्या शौकिनांसाठीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या उपग्रह सेवेवरूनच दाखवावे. त्यामुळे भारतीय संघाचे असे सामने ‘फ्री डिश’वर पाहायला मिळतात. पण सगळेच सामने मिळतील, अशी आशा धरू नका. आयपीएल या यादीत नाही.

आणि काय मिळत नाही तेही स्वच्छ सांगितले पाहिजे. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या आहेत. त्यांवरच्या मालिका घरातल्या बायामाणसांचा रोजचा विरंगुळा असतील, तर ‘फ्री डिश’ आणून तो विरंगुळा काढून घेऊ नका. घरात उगाच कटकट होईल. तिथे खाजगी कंपनीची किंवा केबलची लहानात लहान वर्गणी घेतलेली बरी. थोडक्यात, आधी घरात बसून विचारा : आपण कोणत्या चार वाहिन्या खरोखर पाहतो? त्या चारांतल्या तीन वर्गणीविना मिळत असतील, तर ‘फ्री डिश’ घ्या. एकच मिळत असेल, तर घेऊ नका.

मोबाइलवर सारे फुकट मिळते, असे तरुण मुले म्हणतील. प्रसार भारतीनेच २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वेव्हज’ नावाचे ॲप काढले आहे आणि त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात, हे खरे. पण तिथे इंटरनेटचा डेटा खर्च होतो आणि डेटालाही रिचार्ज लागतो. शिवाय एका फोनवर सहा माणसांनी कसे पाहावे? एका घराने मिळून पाहायचे तर तबकडीला पर्याय नाही.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. वस्तू पाच : डबा, तबकडी, तिच्यासमोरचा एलएनबी, वायर आणि टीव्ही.

डबा, म्हणजे सेट टॉप बॉक्स, हा सगळ्यांत महत्त्वाचा. आणि फसगतही इथेच अधिक होते. ‘फ्री डिश’वरच्या वाहिन्या दोन पद्धतींनी पाठवल्या जातात. एक जुनी, ‘एमपेग-२’. दुसरी नवी, ‘एमपेग-४’. एमपेग-४ पद्धतीत तेवढेच चित्र कमी जागेत मावते, म्हणून नव्या वाहिन्या बहुधा तीत टाकतात. जुन्या पद्धतीच्या डब्यावर नव्या पद्धतीच्या वाहिन्या दिसत नाहीत. नव्या पद्धतीच्या डब्यावर दोन्ही दिसतात. दुकानदार शंभर-दोनशे रुपये स्वस्त म्हणून जुना डबा पुढे करील, तो घेऊ नका. ‘एमपेग-४’ असे खोक्यावर वाचून घ्या आणि प्रसार भारतीची मान्यता असलेला डबा आहे का, ते विचारा. डब्यावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा.

डब्याच्या पाठीमागची भोकेही पाहा. जुन्या टीव्हीला लाल, पांढऱ्या, पिवळ्या अशा तीन पिनांची वायर लागते. नव्याला एचडीएमआय नावाची चपटी पिन लागते. दोन्ही सोयी असलेला डबा घ्यावा, म्हणजे उद्या टीव्ही बदलला तरी डबा तोच चालेल. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा डबा मिळाला तर अधिक चांगले. वीज गेली आणि घरी सोलरची बॅटरी असली, तर जाणकाराच्या हातून त्याची सोय लावून घेता येते.

तबकडी साठ सेंटिमीटरांची, म्हणजे साधारण दोन फुटांची पुरते. ती वाकडी किंवा चेपलेली नसावी. बोटभर चेप पडला तरी लाटा एका ठिकाणी गोळा होत नाहीत. तुमच्या घरावर खाजगी कंपनीची जुनी तबकडी तुमच्या मालकीची पडून असेल, तर नवी घेण्याचे कारण नाही. तीच तबकडी आणि सहसा तिचाच एलएनबी, तोंड फिरवून, ‘फ्री डिश’ला चालतो. त्या कंपनीचा डबा मात्र चालत नाही, तेवढा नवा घ्यावा लागतो. अशा वेळी खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो.

वायर ‘आरजी-६’ जातीची घ्या आणि लागेल तेवढीच घ्या. लांबी वाढली की ताकद घटते. आपल्या मोटारीच्या पाइपलाइनीसारखेच आहे हे : पाइप लांबला की धार बारीक होते. मधे जोड देऊ नका. बाहेरच्या टोकाची पिन टेपने नीट बांधा आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी तिथून निथळून जाईल, वायरीवरून घरात येणार नाही.

टीव्ही नवाच घ्यायचा असेल, तर एक गोष्ट विचारून घ्या. टीव्हीच्या पोटातच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्याविषयी भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानक काढले आहे. असा टीव्ही असेल, तर ‘फ्री डिश’च्या खुल्या वाहिन्यांसाठी वेगळा डबा लागत नाही, तबकडीची वायर थेट टीव्हीत जाते. एक डबा, एक अडॅप्टर आणि एक रिमोट वाचतो. विजेचे म्हणाल, तर बत्तीस इंची एलईडी टीव्ही साधारण पन्नास वॉट घेतो. रोज चार तास चालवला, तर महिन्याला सहा युनिट होतात.

साधने आणली, आता ती बसवायची. ज्या उपग्रहावरून ‘फ्री डिश’ येते, त्याचे नाव जीसॅट-१५. २०१५ च्या नोव्हेंबरात दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयाना येथून तो सोडला गेला. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. पृथ्वी जितक्या वेळात स्वतःभोवती फिरते, तितक्याच वेळात तोही पृथ्वीभोवती फेरी घालतो. म्हणून आपल्याला तो एकाच जागी उभा असल्यासारखा असतो आणि तबकडी एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही.

जालन्याहून पाहिले तर हा उपग्रह आग्नेय दिशेला येतो. बरोबर सांगायचे तर उत्तरेपासून उजवीकडे मोजत १३७ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच. भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत यात एक-दीड अंशापलीकडे फरक पडत नाही. बहुतेक तबकड्यांत एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून तबकडी बरीच उभी दिसते. ती क्षितिजाकडे पाहते आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती वरून येणारी लाट घेत असते. दिसते तसे नसते, ते हे.

आता या बाजूला झाड किंवा भिंत आडवी येते का, हे उपकरणावाचून कसे पाहावे? त्यासाठी सूर्याची मदत घ्या. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्या वेळी तबकडीच्या जागेवर ऊन पडत असेल, तर वाट मोकळी आहे. कडुलिंबाची सावली पडत असेल, तर जागा बदला. इतर दिवसांसाठी एक ढोबळ नियम सांगतो. आडवी येणारी भिंत तबकडीहून दहा फूट उंच असेल, तर तबकडी तिच्यापासून निदान सात फूट दूर हवी. आणखी एक गमतीची गोष्ट. त्याच दिवसांत, त्याच वेळी, सूर्याच्या तेजाने काही मिनिटे चित्र जाते. ते आपोआप परत येते. त्यासाठी मेकॅनिकला बोलावून दोनशे रुपये देऊ नका.

तबकडी रोखताना डब्यावर दोन आकडे दिसतात : एक ताकदीचा, ‘स्ट्रेंथ’, आणि दुसरा ‘क्वालिटी’. पहिला आकडा पाहून फसू नका. तबकडी भलतीकडे असली तरी तो दिसतो. शिवाय ९५ अंशांवर, अगदी शेजारीच, दुसऱ्या सेवेचे उपग्रह आहेत. म्हणून ‘क्वालिटी’चा आकडा पाहा. तो जास्तीत जास्त येईल तिथे, केसाकेसाने हलवत, बोल्ट आवळा. मेकॅनिकला हे काम उन्हाच्या दिवशी करायला लावा आणि पैसे देण्याआधी सह्याद्री वाहिनी लावून पाहा.

आता वारा आणि वीज. उन्हाळ्याअखेरीस आपल्याकडे वळवाचा वारा काय करतो, हे मी सांगायला नको. तबकडी घराच्या पत्र्याला कधीही ठोकू नका. वाऱ्याने ती हलतेच, आणि पत्राही सैल होतो. पक्क्या भिंतीला बोल्टने बसवा, किंवा लोखंडी पाइप सिमेंटच्या ठोकळ्यात रोवून त्यावर बसवा. पाइपाला जाड तांब्याची तार जोडून ती जमिनीत अर्थिंगला द्या. त्याने उरलासुरला विद्युतभार जमिनीत जातो. मात्र वीज थेट पडली, तर अर्थिंगनेही निभाव लागत नाही. म्हणून आभाळ भरून आले की गडगडाट सुरू होण्याआधीच टीव्हीची पिन काढा आणि तबकडीची वायरही डब्यापासून सोडवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र वायरीला हात लावू नका; आणि चित्र गेले म्हणून अशा वेळी माळवदावर तर मुळीच चढू नका. टीव्ही पुन्हा घेता येतो, माणूस घेता येत नाही.

फसगतीचे प्रकारही सांगून ठेवतो. पहिला : ‘फ्री डिश चालू ठेवायला वर्षाचे एवढे भरा’ असे म्हणत कोणी दारात आला किंवा फोनवर बोलला, तर एक पैसा देऊ नका. या सेवेला मासिक नाही आणि वार्षिकही शुल्क नाही. दुसरा : ‘या डब्यावर सगळ्या सशुल्क वाहिन्या फुकट’ असे सांगून विकला जाणारा डबा. तो बेकायदेशीर असतो, चार दिवस चालतो आणि मग बंद पडतो. तक्रार तरी कुठे करणार? तिसरा : वाहिनी दिसेनाशी झाली की ‘डबा खराब झाला, नवा घ्या’ असा सल्ला. पुष्कळदा वाहिनीची जागा बदललेली असते. रिमोटवरच्या मेनूतून पुन्हा शोध, म्हणजे ‘स्कॅन’, करा. पाच मिनिटांत काम होते. घरातली सातवी-आठवीतली पोरे हे सहज करतात. पक्की पावती आणि निदान एका वर्षाची हमी मात्र घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, तिथल्या मुलांचे काय झाले, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. ती पाहायला फोन लागत नव्हता, डेटा लागत नव्हता. त्याच काळात ‘एक वर्ग, एक वाहिनी’ या तत्त्वावर पीएम ई-विद्येच्या बारा वाहिन्यांची योजना झाली आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ती दोनशे वाहिन्यांपर्यंत वाढवण्याचे ठरले. उच्च शिक्षणासाठी ‘स्वयंप्रभा’च्या बत्तीस वाहिन्या जुलै २०१७ मध्ये सुरू झाल्या, त्याही याच जीसॅट-१५ वरून. म्हणजे आग्नेयेकडे रोखलेली एक तबकडी घरातल्या बातम्या आणि वर्गातला धडा दोन्ही आणू शकते.

तेव्हा शाळेत साधन घेताना एमपेग-४ डबाच घ्या आणि शैक्षणिक वाहिन्या दिसतात की नाहीत, ते दुकानातच लावून पाहा. वाहिन्यांचे आकडे आणि वेळा एका कागदावर लिहून फळ्याशेजारी चिकटवा. आणि एक विनंती. गावात कुणाकुणाच्या घरी ‘फ्री डिश’ आहे, याची यादी करून ठेवा. उद्या पुरामुळे, दुष्काळामुळे किंवा साथीमुळे शाळा बंद पडली, तर कोणते मूल कोणाच्या ओसरीवर बसून धडा पाहू शकेल, हे त्या यादीवरून लगेच कळेल. आठवी-नववीच्या मुलांना तर हा भूगोलाचा आणि भूमितीचा धडा म्हणूनही शिकवता येईल : आग्नेय दिशा शोधा, कोनमापकाने ५९ अंश मोजा, आणि तबकडी त्याहून उभी का दिसते, याचा विचार करा.

तर श्रोतेहो, सांगायचे ते थोडक्यात असे. आधी घरात काय पाहिले जाते ते ठरवा, दुकानात नंतर जा. मनोऱ्याच्या भरवशावर राहू नका. साठ सेंटिमीटरांची तबकडी आणि एमपेग-४ डबा घ्या. जुनी तबकडी असेल तर ती वापरा. तोंड आग्नेयेला, पाया पक्का, अर्थिंग जमिनीत. आणि ‘फ्री डिश’साठी दरमहा किंवा दरसाल पैसे मागणाऱ्याला हात जोडून निरोप द्या.

सुगीचा पैसा हातात येतो तेव्हा त्याला शंभर वाटा फुटतात. त्यातून एकदाच दोन हजार बाजूला काढले, तर पुढची कित्येक वर्षे पेरणीच्या दिवसांत तुमच्या घरातला पडदा रिचार्जअभावी काळा पडणार नाही. आभाळात काय शिजते आहे ते तुम्हाला घरबसल्या कळेल, आणि पोरांचा धडाही चुकणार नाही.